बर्फ बघायला नको, बर्फावर चालायला चला!

'इंडस्ट्रियल व्हिजिट' या शब्दाचा आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जो अर्थ होतो, तो जगातल्या कुठल्याही डिक्शनरीत सापडणार नाही. चंदीगडच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या कारखान्यात दोन तास, आणि मनालीत चार दिवस! रिपोर्ट मागच्या बॅचचा, फोटो मात्र आपले. याला माझी काही हरकत नाही. सबमिशन, ओरल आणि सेमिस्टरच्या चरकातून निघालेल्या जिवाला चार दिवस मोकळी हवा मिळाली तर बिघडलं कुठे? माझी तक्रार आहे ती आपण तिथे जाऊन जे करतो त्याबद्दल.

आठवून बघा. जीप बर्फाच्या कडेपर्यंत नेते. त्याआधी रस्त्यावरच्या दुकानात भाड्याचा ओव्हरऑल आणि गमबूट चढवायचे (ते आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने ओलेच असतात). मग एका ट्यूबवर बसायचं, कुणीतरी ढकलतं, आपण ओरडत वीस फूट खाली येतो. हौस जास्तच असेल तर पायात स्की अडकवायच्या. एक माणूस आपले दोन्ही हात धरून लहान मुलाला चालवावं तसं दहा-पंधरा पावलं नेतो. मित्र फोटो काढतो, मॅगी खायची, खाली यायचं. घरी फोन, "आई, बर्फ बघितला!"

बघितला हे खरंच. पण फक्त बघितलाच!

आणि हे करणारे कोण? तर नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारे, राजगड-तोरणा एका दमात करणारे, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून हसत जाणारे आपणच. सह्याद्रीत आपण कुणाला हात धरू देत नाही. मग बर्फ दिसला की एकदम लग्नातल्या वऱ्हाड्यासारखे का वागतो? माझ्या मते कारण एकच आहे. बर्फावर 'चालता' येतं, आणि त्यासाठी ना रोपवे लागतो ना कडेलोट वाटावा असा उतार, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही. हिंदी सिनेमाने आपल्याला बर्फात गाणी म्हणायला शिकवलं आणि टीव्हीने डोंगरावरून सुसाट खाली येणारं स्कीइंग दाखवलं. मधला मोठा प्रदेश कुणी दाखवलाच नाही. त्या मधल्या प्रदेशाचीच ही वकिली.

दोन साधने, एकच तत्त्व

बर्फावर चालायची दोन साधने आहेत. एक स्नो-शू, दुसरं क्रॉस-कंट्री स्की. दोन्हींच्या मागे एफईला शिकलेलं दाबाचं सूत्रच आहे.

तुम्ही ७० किलोचे, पाठीवर १५ किलोची सॅक. एकूण ८५ किलो. चालताना हे सगळं वजन आलटून पालटून एकाच पायावर येतं. बुटाचा तळ साधारण २५० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३४० ग्रॅम भार पडतो. ताजा भुसभुशीत बर्फ इतका भार झेलत नाही. पाय मांडीपर्यंत आत. आता त्याच बुटाखाली १२०० चौरस सेंटिमीटरची चौकट बांधा. भार आला ७० ग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश! पाय थोडासा रुततो आणि थांबतो. झाला स्नो-शू. चवड्याखाली लोखंडी दात असतात, ते कडक बर्फात पकड घेतात. टाच मोकळी असते, त्यामुळे चाल नैसर्गिक राहते. पहिली दहा मिनिटं बदकासारखं फाकून चालावं लागतं, स्वतःच्याच पायावर पाय पडतो. अकराव्या मिनिटाला विसरायला होतं. शिकायला यापेक्षा सोपा बर्फातला प्रकार नाही.

क्रॉस-कंट्री स्की जरा जास्त हुशार आहे. साधारण दोन मीटर लांब, जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर रुंद. बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला, टाच मोकळी. गंमत तिच्या कमानीत आहे. स्की मधोमध किंचित वर उचललेली असते. वजन दोन्ही पायांवर सारखं असेल तर मधला भाग बर्फाला नीट टेकतच नाही आणि स्की घसरत पुढे जाते. सगळं वजन एका पायावर टाकलं की कमान दबते, मधला भाग टेकतो. तिथे चिकट मेण किंवा माशाच्या खवल्यासारखी नक्षी असते, ती बर्फ धरते आणि तुम्ही पुढे रेटा देता. रेटा, घसरण, रेटा, घसरण... स्थितिक आणि गतिक घर्षणाचा इतका सुंदर उपयोग मेकॅनिक्सच्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. याच चालीने नान्सेन आणि त्याच्या सोबत्यांनी १८८८ साली ग्रीनलंड आडवं पार केलं. म्हणजे हा खेळ नंतर झाला. मुळात हे प्रवासाचं साधन आहे. थंड देशातली सायकलच म्हणा ना.

आता यात फरक लक्षात घ्या. उतारावरच्या स्कीइंगला उंच, तीव्र, सारखा केलेला उतार लागतो, आणि पुन्हा वर जायला यंत्र लागतं. या दोन प्रकारांना लागतं ते पठार, कुरण, जंगलातली वाट. आणि हिमालयात त्याची कमतरता नाही. गढवालात त्याला बुग्याल म्हणतात, काश्मीरमध्ये मर्ग. झाडांची रेषा संपते त्याच्या वर पसरलेली ही गवताची माळरानं. आपल्या कासच्या पठारावर चार-पाच फूट बर्फ पडला आहे आणि मागे नंदादेवी उभी आहे अशी कल्पना करा!

जागा कशी निवडायची?

इंटरनेटवर 'हिवाळी ट्रेक' म्हणून शोधलं की सगळीकडे केदारकंठा येतो. कारण तो विकला जातो. पण जागा निवडायला माझ्या मते चार कसोट्या पुरेत.

पहिली, उतार. दरड जशी विशिष्ट उतारावरच सुटते तसंच हिमस्खलनाचं आहे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. म्हणजे आपली वाट त्याखालच्या उताराची हवी, आणि आपल्या *डोक्यावरचा* उतारही तसाच हवा. कारण वरून सुटलेला बर्फ सपाटीवर उभ्या असलेल्या माणसालाही सोडत नाही. १:५०,००० च्या नकाशावर कंटूर २० मीटरचे असतील आणि दोन रेषांमधलं अंतर पाऊण मिलिमीटरहून कमी दिसत असेल, तर समजा की उतार तिशीच्या घरात गेला. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण ज्याला शिव्या देतो, तेच इथे जीव वाचवतं.

दुसरी, पायथ्याला राहतं गाव. तंबूंची कॉलनी नव्हे, गाव. त्या लोकांना कुठल्या नाळेतून दर वर्षी बर्फ येतो हे ठाऊक असतं.

तिसरी, वाटेत जंगल. हवा बिघडली की उघड्या बुग्यालावर काही दिसत नाही. आकाश आणि जमीन एकच पांढरी होते. झाडांत वारा कमी, दिशा सापडते.

चौथी, जवळपास शिकवणारी संस्था किंवा जाणकार वाटाड्या.

या चार कसोट्या लावल्यावर माझी यादी अशी होते.

पहिला नंबर : दयारा बुग्याल

उत्तरकाशी जिल्हा. ऋषिकेश किंवा देहरादूनहून उत्तरकाशी, तिथून गंगोत्रीच्या रस्त्याला भटवाडी, आणि भटवाडीच्या परिसरातून बारसू किंवा रैथल या दोन गावांपैकी एक. दोन्ही गावं सव्वादोन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) आधीच सहाशे मीटर वर. गावातून ओक, बुरांश, देवदाराच्या जंगलातून वाट चढते आणि तीन हजार मीटरच्या वर एकदम उघडते. समोर बंदरपूंछ, आणि पायाखाली लाटांसारखं हळूहळू चढणारं-उतरणारं मैलोगणती कुरण. उतार इतके सौम्य की जणू क्रॉस-कंट्रीसाठीच घडवले आहेत. रैथलचे लोक श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास इथेच ताक-लोण्याची होळी खेळतात. आपल्या गोकुळाष्टमीचा दहीकाला लांबचा भाऊ शोभावा असा तो सण आहे. उन्हाळ्यात त्यांची गुरं इथे असतात. म्हणजे हे 'डेस्टिनेशन' नाही, कुणाचं तरी शेत-शिवार आहे, हे लक्षात ठेवून पाय ठेवायचा.

स्नो-शू बांधून पहिल्यांदा चालायचं असेल तर याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. साधारण मध्य जानेवारी ते मध्य मार्च. उत्तरकाशीतच नेहरू गिर्यारोहण संस्था आहे (स्थापना १९६५). रस्त्याची चौकशी मात्र निघण्याआधी कराच. ऑगस्ट २०२५ मध्ये याच गंगोत्री रस्त्यावर पुढे धरालीला पुराने काय केलं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरा नंबर : औली ते गोरसों

औलीचं नाव सगळ्यांना ठाऊक. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा देहरादून आणि औलीला झाल्या. पण औलीला जाणारे नव्वद टक्के लोक उताराच्या कडेला खुर्चीत बसून परत येतात, असा माझा अंदाज आहे. खरी औली तिथून पुढे सुरू होते. वरच्या टोकावरून जंगलातून दोन-तीन तास चाललं की गोरसों बुग्याल लागतं. नंदादेवी, द्रोणागिरी, त्रिशूळ एका रांगेत. याच वाटेने पुढे क्वारी पासकडे जाता येतं, पण पहिल्या खेपेला गोरसोंवरून परत फिरण्यात शहाणपणा आहे. गढवाल मंडल विकास निगम औलीला स्कीइंगचे कोर्स घेत आलं आहे.

पण औलीचं नाव घेताना पायथ्याच्या जोशीमठाला (आताचं नाव ज्योतिर्मठ) विसरता येत नाही. त्याबद्दल पुढे.

तिसरा नंबर : गुलमर्ग, पण गंडोल्याविना

गुलमर्ग म्हटलं की गंडोला. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये, आणि तो अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. जगभरचे पट्टीचे स्कीअर तिथे येतात. आपण पट्टीचे नाही. आपल्यासाठी गुलमर्ग म्हणजे २६५० मीटरवरची ती वाटीसारखी प्रचंड कुरणाची जागा, जिथे उन्हाळ्यात गोल्फ खेळतात. हिवाळ्यात तिच्यावर बर्फाची दुलई पडते आणि कडेने देवदारांचं जंगल. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्गला होत आल्या आहेत, आणि नॉर्डिक स्कीइंगच्या शर्यती याच सपाटीवर होतात. भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था इथेच आहे, १९६८ पासून. अर्ज भरण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या : "क्रॉस-कंट्री शिकवणार का?" कारण बहुतेक ठिकाणचे कोर्स उतारावरच्या स्कीइंगचे असतात.

वाटीच्या वरचं खिलनमर्ग दिसायला मोहक आहे. पण ८ फेब्रुवारी २०१० रोजी तिथे हिमस्खलनात लष्कराचे १७ जवान गेले. बर्फावरच्या युद्धाचं प्रशिक्षण घेणारे जवान होते ते. आपण वाटीतच राहायचं.

पूर्वी तिकडे जायला झेलमने जम्मू आणि मग जवाहर बोगद्याचा घाट असा दीड-दोन दिवसांचा खटाटोप असे. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वेने जाता येतं, चिनाब पुलावरून! सिव्हिलवाल्यांनो, तुमची इंडस्ट्रियल व्हिजिट तर प्रवासातच झाली. रिपोर्टही खरा लिहिता येईल.

वेळ कमी असेल तर : नारकंडा

सिमल्याच्या पुढे, २७०० मीटरच्या आसपास छोटं गाव. तिथून हाटू शिखरापर्यंत (३४०० मीटर) सात-आठ किलोमीटरचा अरुंद रस्ता जातो. जोरदार बर्फ पडला की गाड्यांना तो बंद होतो, म्हणजेच आपल्यासाठी उघडतो! स्प्रूस आणि देवदारांच्या जंगलातून वळणं घेत जाणारा, वाट चुकण्याची भीती नसलेला रस्ता, आणि वर हाटूमातेचं लाकडी मंदिर. उंची कमी असल्याने बर्फाची खात्री मात्र देता येत नाही. बर्फ पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांत पोचणाऱ्याचं नशीब.

आता यादीत नसलेली नावं. सोलंग नाही, तिथे गर्दीत चालायलाच जागा नसते. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून सिस्सूही त्याच वाटेने निघालं आहे. आणि केदारकंठा? डोंगर देखणाच आहे. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिखराच्या शेवटच्या चढावर जी रांग लागते ती बघितली की दादर स्टेशनचा पूल आठवतो. शिवाय तो शेवटचा चढ तीव्र आहे. स्नो-शूचं ते काम नव्हे.

"पण यात थ्रिल काय?"

हा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो. माझं उत्तर असं आहे : थ्रिल म्हणजे फक्त वेग असेल तर एक्स्प्रेस-वेवर जा. बर्फात चालताना जे मिळतं ते वेगळं. ताज्या बर्फावर कोल्ह्याच्या पावलांची रांग दिसते. मोनाल पक्षी उडाला की झाडावरचा बर्फ धपकन पडतो आणि पुन्हा इतकी शांतता होते की स्वतःचे ठोके ऐकू येतात. आणि ज्यांना दमायचंच आहे त्यांनी क्रॉस-कंट्री स्कीवर एक तास काढून दाखवावा. हात, पाय, पोट, पाठ, सगळं एकाच वेळी कामाला लागतं. हृदय आणि फुप्फुसांची इतकी परीक्षा घेणारे खेळ फार थोडे आहेत. लष्करातल्या जगदीश सिंग यांनी २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरची क्रॉस-कंट्री शर्यत भारतातर्फे पूर्ण केली. ते डोंगराळ भागातले, लष्करातले, ठीक. पण भवानी थेक्कडा नंजुंडा ही मुलगी कर्नाटकातल्या कोडगूची. कॉफीच्या मळ्यांचा मुलूख, बर्फाचा कण नाही! तिने खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंगची सुवर्णपदकं मिळवली. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" या सबबीचं मग काय करायचं?

सोपं आहे, पण स्वस्तात घेण्यासारखं नाही

स्नो-शू शिकायला सोपा आहे हाच त्याचा धोका आहे. अकराव्या मिनिटाला चालायला आलं म्हणजे बाराव्या मिनिटाला डोंगर आपला झाला असं नाही. स्नो-शू रुतण्यापासून वाचवतो, हिमस्खलनापासून नाही. उलट, एरवी जिथे पोचलाच नसता तिथे तो तुम्हाला पोचवतो.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशी जिल्ह्यातल्या द्रौपदी का डांडा-२ वर गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन झालं आणि २७ जणांचे मृतदेह हाती लागले. त्यात प्रशिक्षक होते, एव्हरेस्ट चढून आलेली माणसं होती. जून २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यात सहस्रतालच्या वाटेवर वादळात कर्नाटकातल्या ट्रेकर्सच्या गटातले नऊ जण गेले. जून महिन्यात! हे भीती घालायला लिहीत नाही. सह्याद्रीत दोर न बांधता लिंगाणा चढणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही, मूर्ख म्हणतो. तोच न्याय इथे.

म्हणून काही नियम. पहिल्या बर्फाला स्थानिक वाटाड्या आणि किमान एक कोर्स केलेला माणूस बरोबर हवाच. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते; ते रोज बघा. जोरदार बर्फ पडल्यानंतरचा एक-दोन दिवस गावातच पत्ते खेळा. अडीच हजार मीटरच्या वर पहिल्या रात्री डोकं दुखलं तर दुसऱ्या दिवशी वर चढायचं नाही. गॉगल विसरलात तर डोळे लाल होऊन रात्रभर झोप लागणार नाही. उताराच्या भागात जाणारच असाल तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं हवं, आणि वापरायचा सरावही हवा. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी असतात. तेवढ्यात खालून कुणी येऊ शकत नाही, सोबतीच सोबत्याला काढतो.

आणि वेळ. आपला हिमालय नॉर्वे नाही. ऑस्लो साठ अंशांवर आहे, उत्तरकाशी एकतीसच्याही आत. इथलं ऊन कडक असतं. दक्षिणेकडच्या उतारावरचा बर्फ दुपारी वितळतो, रात्री गोठून पत्र्यासारखा होतो. उत्तरेकडचा भुसभुशीत राहतो. तेव्हा सकाळी सातला निघा, बारापर्यंत परतीला लागा. हॉस्टेलवर साडेअकराला उठणाऱ्यांनी आताच सवय करावी.

घाई का करायची?

कारण बर्फाचा भरवसा उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. तपकिरी गवतावर गंडोला फिरत होता. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या लहरीवर हा सगळा बर्फ अवलंबून असतो, आणि त्यांचं वेळापत्रक आपल्या युनिव्हर्सिटीच्या टाइमटेबलसारखं झालं आहे.

अशा वेळी बर्फाचं पर्यटन कसलं असावं, हा खरा प्रश्न आहे. एक उत्तर आहे : आणखी रोपवे, आणखी हॉटेलं, बर्फ बनवायची यंत्रं. त्या उत्तराच्या पायथ्याशी काय घडतं ते जोशीमठने दाखवलं. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे आणि इथे जड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, लोकांना घरं सोडावी लागली, औलीचा रोपवेही तेव्हा बंद करावा लागला. सगळा दोष पर्यटनाचा नाही, हे मलाही कळतं. पण ढिगाऱ्यावर भार वाढवण्यात हॉटेलांचा वाटा होताच, आणि त्या हॉटेलांत झोपणारे कोण होते? आपणच. जिओटेक्निकलच्या पेपरात 'बेअरिंग कपॅसिटी'वर दहा मार्कांचं उत्तर लिहायचं आणि सुट्टीत जाऊन नेमका तोच भार वाढवायचा, हे काही बरोबर नाही.

चालणाऱ्या माणसाला रोपवे नको, सपाट केलेला उतार नको, चार मजली हॉटेल नको. रैथलच्या एखाद्या घरात मुक्काम, राजम्याची भाजी, मंडव्याची भाकरी, गावातलाच वाटाड्या. यंदा दयाराला बर्फ कमी पडला तर चालणारा दुसऱ्या बुग्यालाकडे वळू शकतो; रोपवे उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पैसा ज्याच्या डोंगरावर आपण चाललो त्याच्या हातात पडतो. माझ्या मते स्नो-शूचा खरा मोठेपणा हाच आहे. बर्फावरचा दाब तो कमी करतोच, पण डोंगरावरचाही करतो.

अर्थात चालणारेही गर्दीने गेले तर घाण करतातच. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला मनाई केली होती आणि माणसांच्या संख्येवरही मर्यादा घातली होती. वन खात्याची परवानगी काढा, मुक्काम झाडांच्या रेषेखाली किंवा गावात करा, आणि चॉकलेटचा कागदसुद्धा परत आणा. बर्फाखाली पुरलेला कचरा नाहीसा होत नाही. मार्चअखेर तो वर येतो, आणि मग गुरांच्या पोटात जातो.

आपण काय करू शकतो?

नुसता लेख लिहून मोकळं होण्यात अर्थ नाही, म्हणून तीन सूचना.

एक. वर्कशॉपमध्ये स्नो-शू बनवूया. ॲल्युमिनियमची नळी वाकवणं, जाड नायलॉनचं कापड, रिव्हेट, चवड्याखाली बिजागरी आणि दातेरी पट्टी. मेकॅनिकलच्या टी.ई.ला हा मिनी-प्रोजेक्ट म्हणून सहज शोभेल. एकच इशारा : स्वस्त पडते म्हणून पीव्हीसीची पाइप घेऊ नका. थंडीत ती ठिसूळ होते आणि नेमकी गावापासून लांब असताना मोडते. मटेरियल सायन्स का शिकवतात याचं उत्तर तिथे मिळेल. बनवलेली जोडी आधी वाळूवर तपासा आणि पहिल्या फेरीला गावाच्या आसपासच वापरा.

दोन. इंडस्ट्रियल व्हिजिट हवीच असेल तर ती खरी करा. चिनाब पूल, अटल बोगदा, जोशीमठचा ढासळता उतार, डीजीआरईचं काम... या सगळ्यात इंजिनिअरिंग खच्चून भरलेलं आहे. त्याला जोडून तीन दिवस बर्फावर चाला. प्राचार्य नाही म्हणतील, पण मनालीपेक्षा या प्रस्तावाला नाही म्हणणं त्यांना अवघड जाईल.

तीन. दर वर्षी दोघा-तिघांनी तरी एखाद्या संस्थेचा कोर्स करावा आणि परत येऊन ज्युनिअर्सना शिकवावं. मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, उत्तरकाशी, गुलमर्ग, कुठलीही. कॉलेजने त्या दिवसांची हजेरी द्यावी. क्रिकेटच्या मॅचला मिळते, मग बर्फाला का नाही?

मित्रांनो, नोकरी लागली की सुट्ट्या मोजून मिळतील. तेव्हा पैसे असतील, गुडघे नसतील. आणि कदाचित बर्फही नसेल. आता आपल्याकडे गुडघे आहेत, वेळ आहे, सह्याद्रीने घडवलेले पाय आहेत. सबमिशन संपलं की नकाशा उघडा, कंटूर मोजा आणि सांगा, या जानेवारीत रैथलला कोण कोण येतंय?

– एक भटका, बी.ई. मेकॅनिकल